भौगोलिक क्षेत्र: भारत

जाफराबादच्या एसटी स्टँडसमोर माझं विम्याचं काउंटर आहे. काउंटर म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. येणारी बहुतेक माणसं मोटारसायकलचा विमा काढायला येतात, तेही भोकरदनच्या रस्त्यावर पोलिसांची तपासणी लागल्याची खबर आली की. पॉलिसी छापून हातात दिली की तिची चार घड्यांची चिठ्ठी करतात, पाकिटात कोंबतात आणि वर्षभर विसरतात. इतक्या वर्षांत ती ओळीनं वाचणारा मला एकच माणूस भेटला. ते माझे सर.

सरांनी मला शाळेत इंग्रजी शिकवलं. दहावीला मी त्याच विषयात नापास झालो तेव्हा त्यांनी अख्खा उन्हाळा मला आपल्या घराच्या ओट्यावर बसवून घेतलं. पुढं एजंटच्या परीक्षेचं पुस्तकही त्यांनीच माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांचं घर आणि आमचं घर एकाच वस्तीत, विहाराच्या दोन अंगांना. काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या हातचं मी लहानपणापासून जेवत आलो. माझं काउंटर सरांमुळे उभं राहिलं असं मी चारचौघांत सांगायचो, आणि ते खरंही होतं.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, सर सकाळीच काउंटरवर आले. सोबत आबा होते. आबा म्हणजे सरांचे शाळेपासूनचे दोस्त. गावापासून सहा-सात किलोमीटरवरच्या खेड्यात त्यांची शेती. एक विहारात जाणारा, दुसरा दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारा. पण बाजाराच्या दिवशी दोघांचा चहा चाळीस वर्षं एकाच हॉटेलात.

सरांनी पिशवीतून पॉलिसी काढली, टेबलावर पसरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय, वाच."

ओळ इंग्रजीत होती. मी मराठीत सांगितली. "भौगोलिक क्षेत्र: भारत."

"म्हंजे भारताबाहेर हा विमा चालत न्हाई. बराबर?"

"बराबर सर. पण आपल्याला कुठं बाहेर जायचंय?"

"लुंबिनीला. ते नेपाळात हाय."

मला आधी गंमत वाटली. सर बुद्धगयेला जाऊन आलेले, सारनाथला जाऊन आलेले, दोन्हीकडे वस्तीतल्या लोकांसोबत बसनं. लुंबिनी राहिली होती. मी म्हणालो, "सर, पुढच्या वर्षी बस निघणार आहे ना."

"बसवाले कुठंबी अर्धा तास देतात," सर म्हणाले. "उतरा, बघा, फोटो काढा, चढा. मला तिथं दिवसभर बसायचंय. अन् ही गाडी मी एकोणीस वर्षं घर ते शाळा अन् शाळा ते घर चालवली. तिला एकदा तरी लांब नेतो."

आबा म्हणाले, "मी मागं बसून जाणार. तिथून पुढं पशुपतिनाथ. याचा देव अलीकडं, माझा पलीकडं."

"तो माझा देव न्हाई, आबा," सर म्हणाले. "कितींदा सांगायचं?"

"बरं, देव न्हाई. पण जायचं तर त्याच्याच घरी ना!"

दोघं हसले. मीही हसलो.

मोटारसायकल नेपाळला नेण्यासाठी विम्याची हद्द वाढवता येते की नाही, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. आमच्या भागात कोणी विचारलंच नव्हतं कधी. मी जालन्याच्या शाखेत फोन लावला. तिथल्या साहेबांनी सांगितलं की वाढवता येते. गाडीमालकाचा अर्ज, आरसीची प्रत आणि थोडा जादा हप्ता शाखेत आणून द्यायचा. मग पॉलिसीला एक जोडकागद मिळतो, त्याला आम्ही एन्डॉर्समेंट म्हणतो. फक्त गाडी हद्दीबाहेर जायच्या आधी तो निघाला पाहिजे. मागाहून निघत नाही.

सरांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. त्यांचं अक्षर फळ्यावरच्यासारखं, मोठं आणि सुटं. हप्ता अगदी किरकोळ होता, तोही दिला. मी सगळं एका पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणालो, "दोन दिवसांत करून आणतो सर."

त्यानंतरचे सोळा दिवस मी सरांच्या प्रवासासाठी पुष्कळ धावपळ केली. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. झालं ते असं झालं. गाडी जाफराबादपासून चालवत नेणं दोघांच्या वयाला झेपणार नव्हतं. मनमाडहून गोरखपूरपर्यंत ती रेल्वेच्या पार्सल डब्यातून पाठवायची आणि तिथून पुढं चालवायची, ही कल्पना माझीच. मी पार्सल ऑफिसला फोन केले, टेम्पो ठरवला, गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली, टायर बदलून घेतले. दोघांची तिकिटं काढली. वस्तीत जो भेटेल त्याला सांगत होतो की सर लुंबिनीला निघालेत आणि सगळं मी बघून राह्यलोय.

फक्त ते पाकीट ड्रॉवरमध्येच राहिलं. त्याला मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. घरात कोणी आजारी नव्हतं, एसटी बंद नव्हती. एक दिवस गिऱ्हाईक जास्त होतं. एक दिवस जालन्याला गेलो तेव्हा पाकीट ड्रॉवरमधून न्यायचं विसरलो. एक दिवस वाटलं की उद्या जाऊ. जे काम लोकांना दिसत होतं ते सगळं मी केलं, आणि जे फक्त मला माहीत होतं ते ठेवून दिलं.

निघायच्या दिवशी, रविवारी, मी त्यांच्यासोबत मनमाडला गेलो. पार्सल ऑफिसच्या दारात गाडीच्या टाकीतलं पेट्रोल नळीनं कॅनमध्ये काढलं, आरसे खोलले, हँडलला आणि दिव्याला जुन्या गादीचे तुकडे बांधले, आणि दोन हमालांनी सगळ्या गाडीला गोणपाट शिवलं. आबा पुन्हापुन्हा म्हणत होते, "नवरीला बी एवढं गुंडाळत न्हाईत." सर मात्र पावतीवरचा गाडीचा नंबर आरसीशी ताडून बघत होते. ते झाल्यावर त्यांनी पावती खिशात ठेवली आणि मला विचारलं, "तो जादा कागद झाला ना रे?"

मी म्हणालो, "झाला सर. मोबाईलवर पाठवतो. बिनधास्त जा."

हे वाक्य मी पुढं अनेकदा मनात म्हणून पाहिलं आहे. ते म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं जालना गाठू, दुपारपर्यंत कागद निघेल, हे दोघं बुधवारच्या आत काही हद्द ओलांडत नाहीत, असा माझा हिशोब होता. सोमवारी मी खरंच जालन्याला गेलो. साहेब रजेवर होते. त्यांच्या जागेवरच्या बाईंनी अर्ज बघितला आणि म्हणाल्या की साहेब गुरुवारी येतील, त्यांच्याच सहीनं होतं हे. मी बाईंना हे सांगितलं नाही की गाडी कालच निघाली आहे. सरांना फोन करून थांबा म्हणालो नाही. परत आलो आणि गुरुवारची वाट बघत बसलो.

सर आणि आबा बुधवारी सकाळी नाका ओलांडून नेपाळात शिरले. नाक्यावर गाडीचा परवाना काढला. तिथं परवान्याच्या खिडकीजवळच नेपाळचा विमा काढून देणारी माणसं बसलेली असतात. एकानं सरांना विचारलं. हे मला आबांनी नंतर सांगितलं. सर त्याला म्हणाले, "हमारा है. हमारे लड़के ने करके दिया है." ते ऐकून त्या माणसानं दुसरं गिऱ्हाईक बघितलं.

ते त्या दिवशी भैरहव्यात मुक्कामाला राहिले. लुंबिनी तिथून वीस-पंचवीस किलोमीटर. सरांना गर्दी व्हायच्या आत पोचायचं होतं म्हणून गुरुवारी सकाळीच निघाले. धुकं होतं, पण विरत आलेलं. पुढं उसाची ट्रॉली चालली होती. सरांनी हॉर्न दिला आणि तिला ओलांडायला गाडी बाजूला काढली. त्याच वेळी समोरच्या पायवाटेवरून सायकलला दुधाच्या दोन कॅनी लावलेला एक माणूस सडकेवर आला. सरांनी ब्रेक दाबले. गाडी घसरत जाऊन सायकलवर आदळली. आबा फेकले जाऊन सडकेच्या कडेच्या दगडावर पडले आणि त्यांचा खुबा मोडला. सायकलवाल्याच्या डोक्याला मार लागला. सरांना फक्त कोपराला खरचटलं.

माझा फोन दुपारी साडेबाराला वाजला. त्या दिवशी मी जालन्याला जायला निघणारच होतो. पाकीट टेबलावर होतं.

सरांचा आवाज शांत होता. त्यांनी अपघात सांगितला, आबांचं सांगितलं, सायकलवाल्या माणसाला शुद्ध नाही हे सांगितलं. मग म्हणाले, "मी चौकीत हाय. हे लोक विम्याचा कागद मागून राह्यले. तुझा तेवढा आला न्हाई मोबाईलवर. जल्दी पाठव."

"पाठवतो सर. नेट गेलंय जरा."

फोन ठेवला आणि शाखेत लावला. साहेब आले होते. मी विचारलं, आज हप्ता भरला तर कागद आज मिळेल का? मिळेल, म्हणाले. तारीख? "आजची. ही वेळ टाकून." मी फोन बंद केला.

एन्डॉर्समेंटचा कागद कसा दिसतो हे मला माहीत होतं. गाडीवरच्या कर्जाचा बोजा उतरवल्याचा असा एक कागद माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. मी त्याच्यावर सरांचं नाव टाकलं, पॉलिसी नंबर टाकला, मजकूर बदलला, आणि खाली निघायच्या दिवसाची तारीख घातली. अर्ध्या तासाचं काम. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तेव्हा त्याला म्हणालो, बसा, एक अर्जंट आहे. आणि तो कागद सरांना पाठवून दिला.

चार वाजता पुन्हा फोन आला.

"हा कागद तू केलास ना?" सर म्हणाले.

मी टेबलावरचं पाकीट उलटं ठेवलं.

"खाली तारीख रविवारची हाय. रविवारी तुझं हाफिस बंद असतं. अन् रविवारी तू माझ्यासंगं मनमाडला व्हता."

"सर, तो फक्त दाखवायपुरता... तिथं कोण तपासतंय?"

"मी तपासला ना." मग जरा वेळ मागं कोणाचं तरी बोलणं ऐकू येत राहिलं. "मी हा इथं दिला न्हाई. पुसून टाकलाय. तूबी पुसून टाक, अन् दुसऱ्या कोनाला पाठवू नको. आता एवढंच सांग. विमा हाय का न्हाई?"

"न्हाई सर."

"बरं," सर म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्यावर ओरडले असते तर मला काही उत्तर देता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी सायकलवाला माणूस दवाखान्यातच वारला. सरांना कोठडीत घातलं. तिकडे अपघातात माणूस गेला की चालकाला ठेवून घेतात आणि प्रकरण कोर्टापुढं जातं. त्यात गाडीला चालणारा विमा नाही म्हटल्यावर सगळं मेलेल्या माणसाच्या घरच्यांशी होणाऱ्या तडजोडीवर येऊन अडलं.

काकू मला म्हणाल्या, "तुला त्या कागदपत्रांचं समजतं. तूच जा." त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली, त्या निघू शकत नव्हत्या. मी त्याच संध्याकाळी निघालो. मला वाटतं, कोणी पाठवलं नसतं तरी गेलो असतो. पण हे आज म्हणणं सोपं आहे.

आधी दवाखान्यात गेलो. आबांच्या पायाला वजन लावलं होतं. मला बघून ते रडले. "तू आलास, आता मला फिकीर न्हाई. तुझा तो कागद कामाला येऊन राह्यला का न्हाई?"

"कंपनीचं काम आहे आबा, वेळ लागतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

सरांना दुसऱ्या दिवशी भेटू दिलं. मध्ये जाळी होती. दाढी वाढलेली, अंगावर मनमाडलाच घातलेला स्वेटर. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारायला सुरुवात केली. आबांचं ऑपरेशन कधी? काकूंनी गोळ्या घेतल्या का? मुलीचं कसं हाय? मी सांगत गेलो. शेवटी मी म्हणालो, "सर, माझं चुकलं."

"चुकलं, हे मला माहीत हाय," सर म्हणाले. "ते मला सांगून काय व्हतं? त्या माणसाच्या घरी कोनी गेलं का आपल्याकडून?"

"न्हाई अजून."

"जा. माझ्याकडून म्हणून नको जाऊ. तुझ्याकडून जा."

गाव सडकेपासून आत होतं. चौकीतल्या एका शिपायानं वाट दाखवली. घर मातीच्या भिंतींचं, वर पत्रे. अंगणात ती सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पुढचं चाक वाकलेलं, एक कॅन अजून दोरीनं बांधलेली. मेलेल्या माणसाचा भाऊ बाहेर आला. पन्नाशीचा असेल. मी कोण ते हिंदीत सांगितलं. त्यानं बाज ओढून दिली. त्याची वहिनी, म्हणजे गेलेल्या माणसाची बायको, दारातल्या उंबऱ्यावर येऊन बसली, पदर ओढून. मागं घरात बायकांचा आवाज होता.

तो मला म्हणाला, "मास्टरजी ने अस्पताल तक खुद पहुँचाया, ये हम जानते हैं. उनसे कोई दुश्मनी नहीं. लेकिन गाड़ी का बीमा तो होगा?"

"नहीं है."

"क्यों नहीं है? इतनी दूर से आए, बिना बीमा के?"

तिथं मला काहीही सांगता आलं असतं. कंपनी, सर्व्हर, साहेबांची रजा, सगळं जिभेवर तयार होतं. पण ती बाई खाली बघत बसली होती, आणि ती सायकल समोर होती.

"मुझे करना था," मी म्हणालो. "मैंने नहीं किया. मास्टरजी को बोल दिया कि हो गया."

भाऊ वहिनीकडे वळला. त्यानं ते आपल्या बोलीत वहिनीला सांगितलं असावं. ती पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघू लागली. मग उठून आत गेली. मला वाटलं आता घरातून माणसं येतील. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, भावाच्या हातात दिला, आणि पुन्हा आत गेली ती बाहेर आली नाही. ते पाणी मी प्यायलो.

तडजोड व्हायला आणखी दोन आठवडे गेले. सरांनी मुलीसाठी घेतलेला जाफराबादचा प्लॉट काकूंनी विकला आणि पैसे आले. एन्डॉर्समेंट असती तर हा भार कंपनीनं उचलला असता, एवढं सांगून हा विषय मी सोडतो. सर तेविसाव्या दिवशी सुटले. गाडी चौकीच्या आवारात उभी होती. तिच्या परवान्याची मुदत केव्हाच संपली होती आणि रोजचा दंड चढत होता. मी म्हणालो, सोडवून रेल्वेनं परत नेतो. सर म्हणाले, "राहू दे तिला तिथंच." त्यांनी चावी ठाणेदाराच्या टेबलावर ठेवली, आणि कागदावर सही करून बाहेर आले.

सडकेवर आल्यावर मी विचारलं, "सर, लुंबिनी इथून जवळ आहे. जीपनं अर्ध्या-पाऊण तासात पोचू. जाऊन यायचं का?"

सर त्या दिशेला बघत थोडा वेळ उभे राहिले. "न्हाई," म्हणाले. "आबाला आधी घरी न्यायचं."

आबांना आम्ही खालच्या बर्थवर झोपवून आणलं. दोन दिवसांच्या प्रवासात सर त्यांच्या पायाशी बसून होते. पाणी पाजत होते, भांडं धरत होते. माझ्याशी कामापुरतं बोलत होते. आबा मधूनच म्हणायचे, "या पोरानं लई केलं आपल्यासाठी." सर खिडकीबाहेर बघायचे.

घरी आल्यावर पुढच्या पौर्णिमेला विहारात माझा सत्कार झाला. मला आधी सांगितलं असतं तर मी गेलो नसतो, असं मी स्वतःला सांगतो. वस्तीतल्या मंडळींनी माइकवरून सांगितलं की परदेशात अडकलेल्या आपल्या सरांना या पोरानं एकट्यानं सोडवून आणलं. शाल अंगावर घातली. टाळ्या झाल्या. सर समोरच्या सतरंजीवर पहिल्याच रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि काही सांगितलंही नाही. मी दोन शब्द बोलावे असा आग्रह झाला. मी म्हणालो, "सरांचे उपकार फिटणार नाहीत." पुन्हा टाळ्या झाल्या.

सर नंतर कोणाच्याही गाडीवर बसले नाहीत. दर गुरुवारी एसटीनं फाट्यापर्यंत जायचे आणि तिथून चालत आबांच्या शेतावर. आबा काठी घेऊन घरापासून विहिरीपर्यंत चालू लागले होते, त्यापलीकडे नाही. दोघं दुपारभर बसायचे. सर त्यांना पेपर वाचून दाखवायचे.

सात-आठ महिन्यांनी माझ्या मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला की आपल्या ग्राहकाच्या मोटारसायकलची पॉलिसी संपत आली आहे, नूतनीकरण करा. नंबर सरांच्या गाडीचा. काउंटरवर गिऱ्हाईक होतं. मी त्यांना बसा म्हणालो आणि सरळ सरांच्या घरी गेलो. गुरुवार होता, सर घरी नव्हते. काकू अंगणात लसूण निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाकीट, मनमाड, खोटा कागद, सगळं.

काकू लसूण निवडतच राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला माहीत हाय. ते तिकडं व्हते तेव्हाच फोनवर सांगितलं व्हतं त्यांनी मला."

"मंग तुम्ही मला का पाठवलं तिकडं?"

"दुसरं कोन व्हतं?" त्या म्हणाल्या. मग सुपातली सालं फुंकून बाजूला केली. "ज्या दिवशी तुला शाल घातली, त्या दिवशी मी घरी आल्यावर जेवले न्हाई. ते म्हनले, पोराचं पोट हाय त्या काउंटरवर, कोनाला सांगायचं न्हाई. म्हणून मी गप हाय. तुला माफ केलं म्हणून न्हाई."

मी उठायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं.

"आबाला सांगितलंस?"

"न्हाई."

"सांगू नको. ते आपल्या तोंडानं सांगतील, जवा सांगायचं तवा. तुझं मन मोकळं करायला त्यांच्या मधी पडू नको."

मी हो म्हणालो. आणि दहा दिवसही पाळलं नाही. काकूंना सांगितल्यावर एक रात्र मला शांत झोप लागली होती. तशी आणखी लागेल असं वाटलं असावं. एका सोमवारी आबांच्या शेतावर गेलो आणि त्यांनाही सांगितलं.

आबा बाजेवर बसून होते. काठी मांडीवर आडवी. मला वाटलं ते शिव्या देतील; त्यांचा हक्कच होता. त्यांनी मांडीवरची काठी उचलून खाली ठेवली. मग विचारलं, "त्याला कवाधरनं माहीत हाय?"

"अपघात झाला त्याच दिवसापासून."

"म्हंजे मी दवाखान्यात पडून तुझा कागद येईल, कागद येईल करून राह्यल्तो, तवा त्याला माहीत व्हतं?"

"हो."

"अन् रेल्वेत? अन् इथं दर गुरुवारी येऊन बसतो, तवाबी?" त्यांचा आवाज चिरकला. "तुझं सोड. तू काय, काल-परवाचा. पण त्यानं लपवलं माझ्यापासून? चाळीस वर्षांत मी त्याच्यापासून घरातलं भांडण लपवलं न्हाई."

मी म्हणालो, "आबा, त्यांनी माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठीच ना," आबा म्हणाले. "तुझ्यासाठी त्यानं मला येडं ठरवलं. जा तू."

त्या गुरुवारी सर नेहमीसारखे गेले. आबांच्या सुनेनं दारातच सांगितलं की मामंजी झोपलेत. पुढच्या गुरुवारीही झोपलेले होते. तिसऱ्या गुरुवारी सर एसटी स्टँडवर आले, माझ्या काउंटरसमोरच्या बाकावर बसले, फाट्यावरून जाणारी भोकरदनची गाडी लागली, भरली, सुटली, आणि सर बाकावरच बसून राहिले. मी काचेतून बघत होतो. उठून त्यांच्याजवळ जाण्याची माझी हिंमत झाली नाही. दुपारी ते घरी गेले.

याला आता वर्ष होऊन गेलं. आबा काठी घेऊन पुढं फाट्यापर्यंत चालू लागलेत असं ऐकतो. सर विहारात मुलांना इंग्रजी शिकवतात. दोघं भेटत नाहीत. मी गिऱ्हाईकांना पॉलिसीतली प्रत्येक ओळ वाचून दाखवतो. ते कंटाळतात, मोबाईलमध्ये बघतात, म्हणतात, दादा, जल्दी करा. मी तरी वाचतो. संपलं की ते सही करतात, कागदाची घडी घालतात आणि निघून जातात.